रेग्युलेटरवर आळ घेण्याआधी

स्वयंपाकघरात जितकी बोलणी एकट्या रेग्युलेटरने खाल्ली असतील, तितकी एखाद्या घरच्या थोरल्या सुनेनेही खाल्ली नसतील. ज्योत मंद झाली, की रेग्युलेटर बिघडला. पातेल्यांची बुडे काळी झाली, की रेग्युलेटर बिघडला. सिलिंडर नेहमीपेक्षा आठ दिवस आधी संपला, तर रेग्युलेटर गॅस खातो. गौरीगणपतीच्या दिवसांत पुरणाचे पातेले चढवायचे आणि नेमकी शेगडी फुरफुरू लागली, तर पहिला उद्धार त्याचाच होतो. गंमत अशी, की इतका आळ घेऊनही त्याच्याकडे वळून कोणी पाहत मात्र नाही. शेगडी रोज पुसली जाते, ओटा दोनदा धुतला जातो, मिक्सरची भांडी चकचकीत ठेवली जातात. आणि ओट्याखालच्या अंधारात, कांद्याबटाट्यांच्या टोपलीशेजारी सिलिंडरच्या डोक्यावर बसलेले ते मूठभर यंत्र वर्षानुवर्षे तेलकट धुळीत काम करीत राहते.

या यंत्राबाबत दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्या तक्रारींसाठी आपण त्याला दोष देतो, त्यांपैकी पुष्कळ तक्रारींत त्याचा काही संबंध नसतो. आणि जेव्हा तो खरोखर बिघडतो, तेव्हाची लक्षणे आपण 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देतो. निर्दोषाला शिक्षा आणि दोषी मोकळा, असा हा उलटा न्याय आहे. म्हणून रेग्युलेटर करतो तरी काय, हे एकदा शांतपणे समजून घेतलेले बरे.

सहा किलोंचे तीस ग्रॅम

ज्यांच्या घरी पितळी स्टोव्ह होता, त्यांना दाब म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली प्रायमस स्टोव्ह तयार केला आणि पुढे त्याच धर्तीचे स्टोव्ह आपल्या घराघरांत फरफरू लागले. त्यात पंप मारून दाब वाढवायचा, फार झाला तर चावी सैल करून हवा सोडायची, ज्योत वाकडी झाली की पिन मारायची. म्हणजे स्टोव्हवर दाब सांभाळणारा रेग्युलेटर दुसरा-तिसरा कोणी नव्हता; स्वयंपाक करणारी बाईच होती. तिचे एक लक्ष कढईत आणि एक कान स्टोव्हच्या आवाजाकडे असे.

पुढे गॅस आला. बर्मा शेल कंपनीचा 'बर्शेन' मुंबईत पन्नासच्या दशकात आला, इंडियन ऑइलने १९६५ साली कोलकात्यात 'इंडेन' सुरू केला. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ही शेगडी वाड्यावस्त्यांवरच्या घरांपर्यंत नेली. पंप गेला, पिन गेली, कानही मोकळा झाला. तो कान ज्याने मोकळा केला, तो हा रेग्युलेटर.

सिलिंडरमध्ये गॅस 'गॅस' म्हणून भरलेला नसतो. प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रवरूप करून भरलेले असते. आपल्या घरी येतो तो नेहमीचा सिलिंडर १४.२ किलो द्रवाचा. या द्रवाच्या वर जी थोडी मोकळी जागा असते, तिथे त्याची वाफ असते आणि ती सिलिंडरच्या भिंतींना सतत रेटत असते. उन्हाळ्याच्या दिवसांत करंगळीच्या नखाएवढ्या, म्हणजे साधारण एक चौरस सेंटिमीटर जागेवर तिचा रेटा पाच-सहा किलोंचा, कधी त्याहूनही अधिक असतो. शेगडीला मात्र तेवढ्याच जागेवर अवघा तीस ग्रॅमचा दाब पुरतो. पाण्याच्या हिशेबाने सांगायचे तर काचेच्या नळीतले पाणी शाळेतल्या एक फुटी पट्टीइतके वर चढवणारा हा दाब. सहा किलोंचे तीस ग्रॅम करायचे, म्हणजे दाब दोनशेपट कमी करायचा. आणि तोही सकाळी, दुपारी, एक बर्नर चालू असताना, दोन चालू असताना, सिलिंडर भरलेला असताना आणि संपत आलेला असताना सारखाच ठेवायचा. रेग्युलेटरचे काम ते एवढे.

हे काम तो कसे करतो, ते तराजूच्या उदाहरणाने चटकन कळते. त्याच्या पोटात एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या वरच्या बाजूला स्प्रिंग आणि खालच्या बाजूला गॅस. हे झाले तराजूचे दोन पारडे. शेगडी पेटवली, गॅस पुढे गेला, की पडद्याखालचा दाब उतरतो. स्प्रिंगचे पारडे जड होते, पडदा खाली येतो आणि त्याला जोडलेली तरफ झडप थोडी उघडते. गॅस पुरेसा आला, की पडदा वर उचलला जातो आणि झडप तेवढी मिटते. शेगडी बंद केली, की झडप पूर्ण मिटली पाहिजे. हा खेळ अखंड, आपोआप चालू राहतो. पडद्याच्या वरच्या बाजूची हवा आत-बाहेर करावी म्हणून झाकणाला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. हे छिद्र लक्षात ठेवावे. पुढे ते कामाला येणार आहे.

प्रेशर कुकरच्या शिट्टीशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण दोघांचा स्वभाव निराळा. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कुकरचा पूर्वज ठेवला. दाब वाढला की वजन उचलून वाफ बाहेर सोडणे, ही पद्धत तेव्हापासूनची. कुकर जास्तीचे बाहेर फेकतो. रेग्युलेटर काहीही बाहेर फेकत नाही; तो लागेल तेवढेच आत घेतो. म्हणून चांगल्या रेग्युलेटरच्या आसपास गॅसचा वास कधीही येता कामा नये. 'नवा बसवला की थोडा वास येतोच' हे म्हणणे चुकीचे आहे. बसवतानाच्या क्षणी एखादी झुळूक आली तर आली. ती टिकता कामा नये.

आणि त्याच्या डोक्यावरची चकती म्हणजे काही पंख्याचा रेग्युलेटर नव्हे. ती चालू किंवा बंद, एवढ्यासाठीच आहे. गॅस वाचावा म्हणून ती अर्धवट फिरवून ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. त्याने गॅस वाचत नाही. स्वयंपाकाला वेळ लागतो आणि झडपेवरची पिन अर्धवट दाबलेली राहते. ज्योत लहान करायची तर शेगडीच्या नॉबने करावी.

संशयितांची रांग

आता तक्रारींकडे वळू. ज्योत मंद आहे. रेग्युलेटरकडे जाण्याआधी निदान चार जणांची चौकशी करायला हवी.

पहिला संशयित बर्नर. दूध उतू जाते, आमटी सांडते, आणि बर्नरची छिद्रे बुजतात. ज्योत काही छिद्रांतून उंच, काहींतून नाहीच, अशी विस्कटलेली दिसली तर गुन्हेगार इथेच आहे. ज्योतीचा रंग पिवळा आणि भांड्यांची बुडे काळी, याचा अर्थ गॅसमध्ये हवा पुरेशी मिसळत नाही. शेगडीच्या आत जिथे गॅस आणि हवा एकत्र होतात, तिथे तेलकट धूळ किंवा एखाद्या कोळ्याचे जाळे असू शकते. एकाच बर्नरची ज्योत मंद आणि दुसऱ्याची चांगली असेल, तर रेग्युलेटर सरळसरळ निर्दोष ठरतो. कारण दोघांना गॅस पुरवणारा तो एकच आहे. एवढी साधी परीक्षा केली, तरी निम्मे वाद मिटतात.

दुसरी संशयित नळी. शेगडी मागे सरकवताना ती दुमडली जाते, सिलिंडर आत ढकलताना त्याच्याखाली चेपली जाते. एक बर्नर ठीक चालतो, दुसरा पेटवला की दोन्ही मंदावतात, तेव्हा आधी नळीवरून हात फिरवावा. जुनी रबरी नळी टोकाला कडक होते, तिला बारीक चिरा पडतात. आत तारेची जाळी असलेली केशरी 'सुरक्षा' नळीसुद्धा दर पाच वर्षांनी बदलायची असते. ती केशरी दिसते म्हणून कायमची झाली, असे नव्हे.

तिसरा संशयित स्वतः सिलिंडर. त्यात किती गॅस आहे हे बाहेरून कळत नाही आणि ज्योत पाहूनही फारसे कळत नाही. द्रवाचा थोडासा साठा शिल्लक असला तरी वाफेचा दाब जवळपास टिकून असतो. म्हणून काल झकास जळणारी शेगडी आज पोळ्या चालू असताना अचानक मान टाकते. अंदाज घ्यायचा तर ओले फडके सिलिंडरवरून वरपासून खालपर्यंत फिरवावे. जिथपर्यंत द्रव आहे, तिथला ओलावा उशिरा वाळतो. आणि नवा सिलिंडर आला की वजन करून घ्यावे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या वरच्या कड्याजवळ लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचे वजन. गॅस लवकर संपला तर रेग्युलेटरला दूषण देण्याआधी हे वजन आठवावे. २०२१ साली बाजारात आलेल्या कंपोझिट सिलिंडरला अर्धपारदर्शक अंग आहे. त्यात पातळी डोळ्यांना दिसते, हा त्याचा मोठाच गुण.

चौथा संशयित हवामान. प्रोपेन उणे ४२ अंशांला उकळतो, ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. थंडीत सिलिंडरमधला दाब बराच उतरतो. त्यातून एकाच सिलिंडरवर मोठे बर्नर तासन्‌तास चालू ठेवले, की आतला द्रव वाफ होता होता स्वतःच गार पडतो, सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो आणि ज्योत बसते. त्यातही प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाशी ब्यूटेन जास्त उरतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत संपत आलेला सिलिंडर अधिक कुरकुरतो. यावर काही घरांत सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात, नाहीतर आडवा पाडून हलवतात. दोन्ही गोष्टी धोक्याच्या. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो. एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर गॅस होतो. तीस ग्रॅमचा हिशेब सांभाळणारा तो पडदा या पुरापुढे काय करणार? ज्योत एकाएकी हातभर उंच उठते. उरलेला पावशेर गॅस वाचवण्यासाठी एवढा जुगार खेळू नये.

परदेशातल्या पिंपाची तीच रड

ही फसगत आपल्याच घरांत होते असे नाही. अमेरिकेत घरच्या घरी बिअर तयार करण्याचा छंद असलेली पुष्कळ मंडळी आहेत. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने, विक्रीसाठी नव्हे तर घरच्या वापरासाठी ती करायला तिथे केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हाच आहे, त्यामुळे तो छंद आपल्याकडे यायचा नाही. पण त्या छंदिष्टांचे दुखणे मात्र आपल्या ओळखीचे आहे. शीतपेयाच्या धंद्यातली सुमारे १९ लिटरची जुनी पोलादी पिंपे घेऊन ते त्यांत बिअर भरतात आणि शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडतात. मध्ये अर्थातच रेग्युलेटर. सिलिंडरमध्ये २० अंशांला चौरस सेंटिमीटरवर ५७-५८ किलोंचा रेटा, पिंपात हवा असतो एक किलोच्याही आतला.

त्यांच्या रेग्युलेटरवर दाब दाखवणाऱ्या दोन तबकड्या असतात, एवढाच फरक. आणि त्या तबकड्याच त्यांना चकवतात. सिलिंडरकडच्या तबकडीचा काटा आठवडेच्या आठवडे हलत नाही, म्हणून साठा भरपूर आहे असे वाटते. कारण तिथेही आत द्रव आहे आणि तो संपेपर्यंत वाफेचा दाब तोच राहतो. काटा पडू लागला, की द्रव संपलेला असतो. दुसरा माणूस सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवतो, सकाळी काटा ५७ ऐवजी ४० वर दिसतो आणि 'गळती, गळती' म्हणून तो धावाधाव करतो. गळती नसतेच, सिलिंडर गार झालेला असतो. तिसऱ्याच्या प्याल्यात नुसता फेस येतो. तो नळ बदलतो, नळी बदलते, शेवटी कळते की रेग्युलेटरची झडप नीट मिटत नाही आणि रात्रभरात पिंपातला दाब हळूहळू चढत जातो.

या तिसऱ्या माणसाची गोष्ट आपल्याला सर्वांत उपयोगाची. रेग्युलेटरचा खरा रोग गॅस वापरात असताना बहुधा दिसत नाही. तो दिसतो सारे बंद असताना. झडपेच्या गादीत कचऱ्याचा कण अडकला, गादी झिजली, की झडप केसभर उघडी राहते. शेगडी चालू असेपर्यंत तो जादा गॅस जळून जातो. शेगडी बंद झाली, की जायला वाट नसते, आणि मग नळीत दाब साठत राहतो. त्या छंदिष्टाची फार तर बिअर वाया जाते. आपल्याकडे नळीच्या दुसऱ्या टोकाला काडी ओढली जाणार असते.

खरा दोषी कसा ओळखावा

तेव्हा रेग्युलेटरवरच संशय घ्यायची वेळ कधी?

सकाळी पहिल्यांदा शेगडी पेटवताना ज्योत भस्सकन उंच उठते, आवाज करते, बर्नरपासून सुटून वर तरंगते आणि काही क्षणांनी खाली बसते. असे एखाद्या वेळी किंचित झाले तर ठीक. रोज आणि ठळकपणे होत असेल तर रात्रभर दाब चढतो आहे, असे समजावे.

दोन्ही बर्नर स्वच्छ, नळी सरळ, सिलिंडर नवा, आणि तरीही दोन्ही ज्योती एकदम लहानमोठ्या होत धडधडतात. पडदा कडक झाला असेल, किंवा ते झाकणाचे छिद्र चिकट धुळीने बुजले असेल. छिद्रात टाचणी मात्र घालू नये. टाचणीच्या टोकापासून पडदा फार दूर नसतो.

त्या छिद्राशी वास येतो. इथे शंकेला जागाच नाही. पडद्याला भोक पडले आहे. साबणाच्या पाण्याचा फेस बोटाने छिद्रावर लावला आणि बुडबुडा फुगत गेला, तर रेग्युलेटर त्याच क्षणी बंद करून काढून ठेवावा. ही परीक्षा साबणाच्या पाण्यानेच करायची. काडी पेटवून गळती शोधणारे शूर लोक अजून आहेत. त्यांना घरातल्या लहानांनीसुद्धा अडवावे.

चकती बंदकडे फिरवली तरी ज्योत जळत राहते. याची परीक्षा रोज रात्री होऊ शकते. शेवटचे दूध तापले, की शेगडीच्या नॉबआधी रेग्युलेटर बंद करावा. नळीतला उरलासुरला गॅस जळून ज्योत थोड्या क्षणांत आपोआप विझली पाहिजे. विझली, की मग शेगडीचा नॉब आठवणीने बंद करावा. ज्योत विझायचे नावच घेत नसेल, तर रेग्युलेटर सिलिंडरची झडप सोडत नाही, हे उघड झाले. या एका सवयीत परीक्षाही होते आणि रात्री नळी रिकामीही राहते.

एक गोष्ट वेगळी काढायला हवी. नवा सिलिंडर लावताच बुडाशी फुस्स आवाज येतो आणि थांबत नाही. इथे दोष बहुधा रेग्युलेटरचा नसून सिलिंडरच्या झडपेतल्या रबरी कड्याचा असतो. ते झिजलेले, तुटलेले किंवा पडलेले असते. सिलिंडर आणून देणाऱ्याला दारातच सील काढायला लावून हे कडे पाहावे, रेग्युलेटर बसवून दाखव म्हणावे. त्याला घाई असते हे खरे, पण ही घाई त्याच्या फेरीची आहे आणि घर आपले आहे. त्याच वेळी सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरची अक्षरेही वाचावीत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर; पुढचा आकडा वर्षाचा. त्या तिमाहीत सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायची असते. ती तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नये.

उघडू नका, बदला

आपल्याकडे वस्तू दुरुस्त करून वापरण्याची जुनी आणि चांगली परंपरा आहे. मिक्सर, पंखा, इस्त्री, कुकरचा दांडा, सारे दुरुस्त होते. रेग्युलेटर मात्र या परंपरेला अपवाद. तो उघडून आतली स्प्रिंग ताणणे, पडद्याला चिकटपट्टी लावणे, तेल घालणे यांतले काहीही करायचे नाही. स्प्रिंगचा हिशेब ग्रॅमांचा आहे आणि तेलाने रबर सुजते. तो बिघडला की बदलायचा.

बदलायचा कोठून, यालाही महत्त्व आहे. रेग्युलेटर अनामत घेऊन वितरकाने दिलेला असतो आणि त्याची नोंद जोडणीच्या कागदावर असते. बिघडलेला घेऊन वितरकाकडेच जावे. बाजारात स्वस्त रेग्युलेटर टांगलेले दिसतात, 'गॅस वाचवणारे' म्हणून विकले जातात. शिवाय हॉटेलच्या भट्टीसाठी जास्त दाबाचे रेग्युलेटर असतात. 'ज्योत जोरात लागते' म्हणून कोणी ते घरी आणतात. ज्या शेगडीची, नळीची आणि जोडांची घडण तीस ग्रॅमसाठी आहे, तिच्यावर किलोकिलोंचा दाब सोडण्यात शहाणपणा नाही.

शहरांत नळाने येणाऱ्या गॅसचे गणित थोडे निराळे. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली, पुण्यातही आता पुष्कळ घरांत नळाचा गॅस आहे. तिथे सिलिंडर नाही, पण वाटेत रेग्युलेटर आहेच. हा गॅस मुख्यतः मिथेन असतो आणि शेगडीला तो साधारण एकवीस मिलिबारने मिळतो; सिलिंडरचा गॅस तीसच्या आसपास. म्हणून एकीची शेगडी दुसरीकडे नेताना जेट बदलावे लागतात. ते न बदलता 'या गॅसला जोर नाही' म्हणणे, हाही रेग्युलेटरवर घेतलेला आळच.

घरातल्या प्रत्येकाने

सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, गळती कळावी म्हणून. हा गॅस हवेपेक्षा दीड-दोनपट जड. तो वर न जाता ओट्याखाली, मोरीत, दाराच्या उंबऱ्याशी साठतो. हवेत साधारण दोन ते नऊ टक्के मिसळला, की एका ठिणगीची वाट पाहतो. ठिणगी काडीचीच लागते असे नाही. विजेचे बटण चालू करताना पडते, तशी बंद करतानाही पडते. म्हणून वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, पंखा लावायचा नाही. देवघरातले निरांजन आणि उदबत्ती विझवायची. शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडायच्या. जमत असेल तर रेग्युलेटर काढून झडपेवर दोरीला बांधलेले प्लास्टिकचे टोपण घट्ट बसवायचे आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. तो चोवीस तास चालू असतो. नळाचा गॅस असेल तर तो हवेहून हलका, छताकडे जाणारा. तिथे शेगडीजवळची झडप बंद करून बाहेर पडायचे आणि त्या कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे. तो क्रमांक बिलावर असतो; तो फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावा. गावाकडे जिथे एकाच खोलीत गॅसची शेगडी आणि चूलही असते, तिथे दोघींमध्ये होईल तितके अंतर ठेवावे, आणि सिलिंडर बदलताना चुलीत निखारासुद्धा नसावा.

हे सारे घरातल्या बाईला बहुतेक वेळा ठाऊक असते. अडचण तिथून पुढची आहे. रेग्युलेटर काढणे-बसवणे एकट्या तिलाच येते. ती माहेरी गेली, आजारी पडली किंवा नुसती बाजारात गेली, की घरात पदवीधर असूनही ओट्याखालची ती चकती कोणत्या बाजूला फिरते, हे सांगता येत नाही. मुलगा-सून परगावी आणि घरी दोघे म्हातारे, अशी घरे तर आता गल्लीगल्लीत आहेत. आजोबांना चष्म्याशिवाय 'चालू-बंद' वाचता येत नाही आणि वयोमानाने वासही पूर्वीसारखा येत नाही.

तेव्हा आज रविवारच आहे. चहा झाला, की घरातल्या सगळ्यांना ओट्यापाशी बोलवा. कांद्याबटाट्यांची टोपली बाजूला करा, कोरड्या फडक्याने रेग्युलेटर पुसा. तो बंद कसा करायचा, काढायचा कसा, टोपण कसे बसवायचे, हे एकेकाला करून पाहायला लावा. आठवीतल्या मुलाला, त्याच्या वडिलांना आणि आजोबांनाही. चकतीवर बंदच्या खुणेला लाल रंगाचा ठळक ठिपका द्या. नळीवरचे साल वाचा. सारे मिळून पाव तासाचे काम आहे. त्यानंतर ज्योत पुन्हा कधी मंदावली, तर आधी बर्नर काढून धुवा, आणि रेग्युलेटरला बोल लावायचा तो त्यानंतर.